तीन वर्षं तहानलेली मेंढरं

माझ्या पहिल्या अर्जातले एकोणीस शब्द सरांनी शिल्लक ठेवले होते. अर्ज पाच पानांचा होता. एकोणीस हा आकडा अंदाजानं लिहिलेला नाही. ते कागद अजून माझ्याकडं आहेत आणि हे वाक्य लिहिण्याआधी मी ते शब्द पुन्हा मोजले. ही सवय सरांनी लावली. त्याबद्दल लोक त्यांचे आभार मानतात. मला अजून जमलेलं नाही.

सर म्हणजे आमच्या लॉ कॉलेजात आठवड्यातून तीन दिवस मानधन न घेता शिकवणारे गृहस्थ. गंगापूरकडच्या शेतकरी घरातला मुलगा, इथं वकील झाला, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेला आणि तीसेक वर्षं तिथंच राहिला. आधी वकिली, मग वकिली आणि प्राध्यापकी दोन्ही. फळबागांत राबणाऱ्या मजुरांवर विमानातून औषध फवारलं जायचं, त्याविरुद्ध त्यांनी तिकडच्या एका बड्या कंपनीला कोर्टात हरवलं होतं. तिकडच्या कायद्याच्या पाठ्यपुस्तकात त्या खटल्यावर अख्खं प्रकरण आहे. त्यांची व्याख्यानं यूट्यूबवर सापडतात. हे सगळं आम्हाला इंटरनेटवरून कळलं. सरांना विचारलं तर ते विमानाचा रंग सांगायचे आणि थांबायचे.

तिकडचं नागरिकत्व त्यांनी घेतलं नव्हतं. पत्नी गेल्यावर ते परत आले, बंद ठेवलेली सनद चालू करून घेतली आणि शहरात उस्मानपुऱ्यात भाड्यानं राहू लागले. कॉलेजनं सत्कार ठेवला. स्टेजमागच्या फ्लेक्सवर 'आंतरराष्ट्रीय कीर्तीचे विधिज्ञ' असं छापलं होतं. शाल अंगावर पडायच्या आत सरांनी माईक घेतला आणि प्राचार्यांना विचारलं, "किती राष्ट्रं, सर? मी दोनच पाह्यलीत. त्यातल्या एकात माझ्या शेजाऱ्याला शेवटपर्यंत माझं नाव नीट घेता आलं नाय." सभागृह हसलं, प्राचार्य हसले नाहीत. हा प्रसंग मी पाहिलेला नाही, मी तेव्हा कॉलेजात नव्हते. पण सांगणारे तिघे वेगवेगळे भेटले आणि तिघांचं जुळतं.

बघा, हे असं होतं. साधा किस्सा सांगायचा तरी साक्षीदार मोजावे लागतात.

पहिल्या तासाला त्यांनी हजेरी घेतली नाही, विषय सांगितला नाही. एवढंच विचारलं, "कालेजच्या दाराशी झाड कोणतं हाय?" आम्ही साठ-सत्तर जण होतो. सगळे लिंब म्हणालो. एक मुलगा तर रोज त्या झाडाखाली गाडी लावायचा, तोही छातीठोकपणे लिंब म्हणाला. सरांनी अख्खा वर्ग खाली पाठवला. झाड शिरीषाचं होतं. परत येऊन बसलो तेव्हा ते म्हणाले, "एवढे साक्षीदार, आन् झाड एकानंबी पाह्यलं नाय. अशाच साक्षींवर माणसं आत जातात." मग पिशवी उचलून निघून गेले. तास संपला. परीक्षेत झाडावर प्रश्न येत नाही हे त्यांना कुणी तरी सांगायला हवं होतं. वर्षभर ते शिकवत असे नव्हतेच, फक्त विचारत. आपण उत्तर दिलं की म्हणत, "मग?" पुन्हा उत्तर दिलं की पुन्हा "मग?" तिसऱ्या 'मग'ला आपलं सगळं ज्ञान संपलेलं असे आणि ते समाधानानं खिडकीबाहेर बघत.

त्यांची बोलीही एक कोडं होती. आम्ही शहरातली पोरं अर्धं हिंदीत बोलतो. सर मात्र ज्या भाषेत गेले होते त्याच भाषेत परत आले. लई, व्हय, नाय, वर दरखास्त आणि मोहर्रर असले कोर्टातले जुने शब्द. सगळ्या विद्यार्थ्यांना ते 'वकीलसाहेब' म्हणायचे आणि पुढं 'तू' लावायचे. मलाही तसंच. "वकीलसाहेब, तू होतीस का तिथं?" हे त्यांचं वाक्य मी किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही, म्हणून आकडा लिहीत नाही. वर्गात कुणी म्हणालं की पोलिसांनी मारलं, की सर विचारत, "तू होतास का तिथं?" कुणी म्हणालं की सरकार झोपलंय, तरी तेच. उस्मानपुऱ्यातल्या भाजीवालीनं त्यांच्यापुढं हात टेकले होते. ते समोर दिसले की ती आपणहून सांगायची, "सकाळी सहाला तोडलीय, मी तिथंच व्हते, घ्या आता." कॉलेजसमोरच्या टपरीवरचे चाचा तर ग्लास ठेवतानाच म्हणत, "चाय गरम है वकीलसाब, मैं खुद देखा."

आता माझ्याविषयी थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे वडील गुलमंडीजवळच्या एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि उरलेल्या वेळात चळवळींची पत्रकं निघायची. मी अक्षरं छपाईच्या खिळ्यांवरून शिकले, म्हणजे उलटी. पत्रक कसं असतं हे मला बाराखडीआधी ठाऊक होतं. वर ठसठशीत मथळा, मथळ्याला उद्गारचिन्ह, मग अन्याय, मग मागण्या, तळाशी निवेदकाचं नाव. पहिलीत असताना मी पत्रकांच्या घड्या घालायचे, दहावीत ती लिहायला लागले. माझं पत्रक वाचून बायका भांडी टाकून मोर्चाला आलेल्या आहेत. हे मी पाहिलेलं आहे, सर, लिहून घ्या.

तर अशी मी, आणि समोर लाल पेन्सिल घेतलेला हा माणूस. 'प्रचंड' खोडायचे. 'अमानुष' खोडायचे. 'पिढ्यानपिढ्या' खोडून वर लिहायचे, "किती पिढ्या? नावं दे." 'न्याय' या शब्दावर तर ते उभी रेघ मारायचे, आडवी पुरायची नाही जणू. एकदा मी भर वर्गात विचारलं, की मग आम्ही इथं काय शिकायला येतो? तर म्हणाले, "झाड बघायला."

गयाबाई आल्या माझ्यामुळं. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत कॉलेजचं शिबिर देवगाव रंगारीच्या बाजूला एका गावात होतं. तिथं माळावर मेंढपाळांची वस्ती आहे. गयाबाई तिथल्या, साठीच्या, मेंढरांमागं चालून पिंडऱ्या दगडासारख्या झालेल्या. त्यांची आणि माझी गट्टी जमली. वस्तीपासून पाझर तलावापर्यंत एक वाट होती. मेंढरं त्या वाटेनं पाण्याला जायची. वाट जिच्यातून जायची ती जमीन शहरातल्या एका व्यापाऱ्यानं विकत घेतली आणि शिबिरानंतर पोळ्याच्या तोंडावर तारेचं कुंपण घातलं. आता पाण्याला जायचं तर वळसा घालून डांबरी रस्ता ओलांडायचा. तिथं ट्रकखाली दोन मेंढ्या गेल्या. मी फक्त जागा पाहिली, गयाबाईंनी दाखवलेली.

मी त्यांना सरांकडं घेऊन आले. कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रात एका फायबरच्या खुर्चीच्या कडेला टेकून गयाबाईंनी सगळं सांगितलं. मी मध्येच म्हणाले, "जमीन त्यांच्या हक्काची आहे, सर." गयाबाईंनीच मला थांबवलं. "जमीन आमची नाय पोरी. वाट आमची." सर खुर्चीतून उठून उभे राहिले. एवढा मान त्यांनी प्राचार्यांनाही दिलेला मी पाहिला नाही. मला म्हणाले, "वकीलसाहेब, शिक. बाईनं दोन वाक्यात दावा लिहिला."

दावा लिहायच्या आधी ते वस्तीवर आले. लाल एसटीनं, हातात घडीचं एक स्टूल घेऊन. ते स्टूल त्यांनी अमेरिकेतून आणलं होतं, सामानातली बहुतेक एकमेव वस्तू. मी गावातल्या वीसेक लोकांना गोळा केलं होतं. मला वाटलं, सर चार शब्द बोलतील, लोकांना धीर येईल. सरांनी कुंपणापासून दहा-बारा हातांवर स्टूल मांडलं आणि बसले ते बसलेच. एक शब्द नाही. शेवटी भाषण मीच केलं. मी इकडं बोलतेय आणि तिकडं सर माझ्याकडं पाठ करून मेंढरांकडं बघत बसलेले. वारा तलावाकडून आला की मेंढरं तोंडं तारेला लावायची आणि वारा पडला की माना खाली घालायची. दुपार झाली तरी हा माणूस हलला नाही. लोक पांगले. एक म्हातारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "वकील बोलता येनारा बघ की गं दुसरा." मला इतकी लाज वाटली की परतीच्या एसटीत मी मुद्दाम मागच्या सीटवर बसले.

उतरताना सरांनी एवढंच बजावलं, दावा लागेपर्यंत काही छापू नको.

मी छापलं. मला कुणाच्या परवानगीची गरज वाटली नाही. कोर्टाच्या आधी लोक जागे व्हायला हवेत, हे मी घरात शिकले होते. मथळा केला, 'तीन वर्षं तहानलेली मेंढरं!' तार लागून तेव्हा सात-आठ महिने झाले होते. पण 'आठ महिने तहानलेली' हे कानाला लागत नव्हतं. तीन, तहान, दोन्ही 'त', जिभेवर चढतं. मजकुरात मी ठोकून दिलं की गेली तीन वर्षं एकही मेंढरू या वाटेनं पाण्याला गेलेलं नाही. तळाशी निवेदक म्हणून गयाबाईंचं नाव टाकलं, कारण लढा त्यांचा होता आणि मला पुढं पुढं करायचं नव्हतं. त्यांना वाचता येत नाही. मी वाचूनही दाखवलं नाही, घाईत होते. वडिलांनी प्रूफ वाचलं आणि म्हणाले, मथळा झकास.

देवगावच्या बाजारात वाटलेल्या पत्रकांपैकी एक त्या व्यापाऱ्याच्या घरी गेलं आणि जपून ठेवलं गेलं.

कन्नड तालुक्याच्या कोर्टात गयाबाईंची साक्ष लागायला दीड वर्ष गेलं. तोवर मी पास होऊन, सनद घेऊन, काळा कोट शिवून तयार होते. सरांची ज्युनियर म्हणून माझं पहिलं वकीलपत्र याच दाव्यात होतं. समोरचे वकील अतिशय सभ्य. उलटतपासणीत त्यांनी पिशवीतून ते पत्रक काढलं, उलगडलं आणि गयाबाईंपुढं धरलं.

"बाई, हे पत्रक तुमच्या नावाचं आहे?"

"नाव माझं हाय. लिव्हलं या पोरीनं."

"यात लिहिलंय की तीन वर्षं तुमची मेंढरं त्या वाटेनं पाण्याला गेली नाहीत. हे खरं की खोटं?"

गयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी नव्या कोटात बसले होते. मग म्हणाल्या, "पोरीनं लिव्हलं म्हंजी खरंच आसंल."

काय झालं ते सांगते. वहिवाटीनं वाटेवर हक्क मागायचा तर ती वाट वीस वर्षं उघडपणे, बिनअडथळा वापरलेली असावी लागते. आणि तो वापर दावा लावण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत चालू असावा लागतो. तार दाव्याच्या आठ महिने आधी लागली असेल तर दावा उभा राहतो. मेंढरं तीन वर्षं गेलीच नसतील तर दावा पडतो. 'त' ला 'त' जुळवण्यासाठी घातलेल्या माझ्या एका शब्दानं तलाव गेला होता.

सर फेरतपासणीला उठले. "गयाबाई, तार कवा लागली?"

"पोळ्याच्या आदल्या बाजाराला."

"कोणत्या सालच्या पोळ्याच्या?"

गयाबाईंनी पुन्हा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "ते पोरीलाच इचारा, मास्तर. तिला समदं लिवता येतं."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडले. मी. त्यांच्यावर. असं कसं म्हणालात म्हणून. गयाबाई पायरीवर बसून तंबाखू मळत होत्या. "आगं, मग भर कोर्टात तुला खोटी पाडू व्हय?" एवढं म्हणून त्यांनी तंबाखू तोंडात टाकली.

परतीच्या एसटीत सर माझ्या शेजारी बसले. वेरूळ मागं पडलं. मग म्हणाले, "साक्ष तुला द्यावी लागंल. हे मी लिव्हलं, बाईला वाचून दाखवलं नाय आन् हे खरं नाय, असं शपथेवर."

मी ऐकणार नव्हते. साक्षीदार झाले की याच दाव्यातलं माझं वकीलपत्र जाणार, हे एक. आणि दुसरं मोठं. या जिल्ह्यात माझ्या आणि वडिलांच्या पत्रकांवर लोक विश्वास ठेवतात. उद्या कुठल्याही मोर्चात कुणीही उठेल आणि म्हणेल, ही बाई कोर्टात सांगून आलीय की मी खोटं छापते. मी सरांना म्हणाले, तीन वर्षं म्हणजे फार दिवस, एवढाच त्याचा अर्थ; शेंबडं पोरगंही समजेल. सर म्हणाले, कोर्ट समजणार नाय. माझा आवाज चढला. पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. मी म्हणाले, "खरं काय ते मला काय माहीत नाही? तार लागायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी स्वतः त्या वाटेनं मेंढरांमागं चालत तलावापर्यंत गेलेय. पाण्यात पाय सोडून बसलेय."

सरांनी मान वळवली. "काय म्हणलीस?"

मी पुन्हा सांगितलं.

"फोटू?"

"नाही. मोबाईल शिबिराच्या शाळेत चार्जिंगला होता."

"सोबत कोण?"

"गयाबाई. आणि शिबिरातल्या दोघी."

सर हळू म्हणाले, "तू होतीस तिथं."

ते वाक्य मी पहिल्यांदा प्रश्नचिन्हाशिवाय ऐकलं. पण लगेच त्यांचा पारा चढला. दीड वर्षं हे का सांगितलं नाहीस, हे असताना भाषणं का देत बसलीस, असं ते दौलताबादच्या घाटभर बोलत होते. खरं उत्तर हे होतं की ती गोष्ट मला सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. मेंढरं पाण्याला गेली, प्यायली, परत आली. यात मथळा कुठं होता?

घरी वडिलांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, पत्रकातला आकडा म्हणजे आवाज असतो, तो मोजायचा नसतो. आणि आवाज एकदा खोटा ठरला की पुन्हा लागत नाही. साक्ष देऊ नकोस असं ते म्हणाले नाहीत. पण घासही तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी मी सरांना टपरीवर गाठलं. मला भांडायचंच होतं. विचारलं, "तुम्ही केलीय का कधी अशी चूक? तिकडं? त्या मोठ्या खटल्यात?" मला वाटलं, आता तरी हा माणूस एखादी कबुली देईल, माझ्या खांद्यावर हात ठेवेल.

"नाय," सर म्हणाले. "मी कधीच नाय केली."

मी चहा तसाच ठेवला आणि उठले. त्यांनी घडीचं स्टूल पायानं माझ्याकडं सरकवलं. मग तो खटला त्यांनी पहिल्यांदाच सांगितला. एकेक तारीख पक्की, एकेक साक्ष पक्की, अर्जात एक शब्द जादा नाही. निकाल लागला तेव्हा कोर्टात वकील होते, पत्रकार होते, सरांचे विद्यार्थी होते. मजूर एकही नव्हता. हंगाम संपला म्हणून ते दुसऱ्या राज्यात गेले होते. पुढं काही वर्षांनी एका दुकानात त्यांना त्यातली एक बाई भेटली, त्यांचीच साक्षीदार. तिनं ओळखलं आणि विचारलं, त्या केसचं काय झालं हो? "पुस्तकात छापून आलं, वकीलसाहेब. आन् तिला कुणी सांगितलं नाय. मला लिव्हता येत नाय तुझ्यासारखं. माझं वाचून कुणी घरातून बाहेर पडत नाय." चहा संपवून ते उठले आणि जाता जाता म्हणाले, "शपथपत्र परवापर्यंत दे. एका पानात."

म्हणजे कौतुक केलं की काम लावलं, तेही कळू दिलं नाही. असा माणूस.

शपथपत्र मी स्वतःच लिहिलं. अर्ध्या पानाचं झालं. पत्रक मी लिहिले. निवेदकास वाचून दाखवले नाही. त्यातील 'तीन वर्षे' हा मजकूर खरा नाही. तो खरा नाही हे मला लिहिताना माहीत होते, कारण आदल्या उन्हाळ्यात मी त्या वाटेने मेंढरांसोबत तलावापर्यंत गेले होते. चौथं वाक्य लिहायला मला एक अख्खा दिवस लागला. सरांनी पेन्सिल हातात धरून ते दोनदा वाचलं. काहीच खोडलं नाही. मला वाटतं, त्यांची निराशा झाली.

साक्षीच्या दिवशी मी कोट घातला नाही. पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा दिसलं, मागच्या बाकावर गयाबाई आणि त्यांच्या शेजारी माझे वडील. ते येणार आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

समोरचे वकील तेवढेच सभ्य होते. "म्हणजे तुम्ही खोटं छापता?"

"हे छापलं."

"आणखी काय काय खोटं छापलंय?"

माझ्या तोंडाशी भाषण आलं होतं. सगळं आलं होतं, व्यापारी, सरकार, तार, ट्रक. मी सरांकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"माहीत नाही," मी म्हणाले. "जुनी पत्रकं तपासते आहे."

न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं टाइप करून घेतलं. फेरतपासणीला सर उठले. एकच मुद्दा होता आणि तो विचारताना त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

"मेंढरं त्या वाटेनं पाण्याला गेली तेव्हा तुम्ही तिथं होतात का?"

"होते," मी म्हणाले.

बाहेर वडील माझ्याजवळ आले. म्हणाले, प्रूफ वाचताना आकडा मी विचारायला हवा होता. मग गयाबाईंना रसवंतीवर घेऊन गेले. दोघं माझ्याविषयीच बोलत असणार. मी तिथं नव्हते.

निकाल गयाबाईंच्या बाजूनं लागला. तार पूर्ण निघाली नाही, वाटेपुरती निघाली. निकालपत्रात माझ्या साक्षीला दीड परिच्छेद आहे. पुढच्याच मोर्चात एकानं खरंच ओरडून विचारलं, की ताई, आजचा आकडा शपथेवरचा का पत्रकातला? लोक हसले. मी आकडा पुन्हा सांगितला आणि तो कुठून आणला तेही सांगितलं. त्यात सभेची दहा मिनिटं गेली. मोर्चाचा जोर गेला तो गेलाच. सरांना त्याचं काही वाटलं नाही.

तारेतली फट उघडली त्या दिवशी मी सरांना म्हणाले, चला वस्तीवर, गुलाल आहे, जेवण आहे. ते आले नाहीत. ब्लडप्रेशरचं कारण सांगितलं. महिनाभरानं तिकडंच राहिलेल्या मुलीकडं, अमेरिकेला गेले. निरोप समारंभ नको म्हणाले आणि गुपचूप गेले. मी चिडून फोनही केला नाही.

काही दिवसांनी टपरीवर गेले तर चाचांनी बरणीखालून एक लिफाफा काढला. "साब दे के गए. बोले, वकीलसाब को देना." आत माझंच पत्रक होतं, कोर्टातल्या प्रतीची नक्कल, पुराव्याच्या निशाणीचा शिक्का असलेली. त्यावर लाल पेन्सिल. दावा संपला, तार निघाली, तरी या माणसानं बसून माझं पत्रक तपासलं होतं. मथळ्यातलं 'तीन वर्षं' खोडलेलं. उद्गारचिन्ह खोडलेलं. सगळा मजकूर खोडलेला, मागण्यांसकट. निवेदकाच्या नावाभोवती गोल. नाव सोडून मी शिल्लक शब्द मोजले. दोन. पहिल्या अर्जात एकोणीस होते. एवढ्या वर्षांत माझी ही प्रगती.

रागानं कागद घडी घालायला घेतला तेव्हा समासातलं बारीक अक्षर दिसलं. उरलेल्या दोन शब्दांतला एक होता 'मेंढरं'. दुसरा होता 'तहानलेली', आणि त्याखाली आडवी रेघ होती, खोडणारी नव्हे, खालून मारलेली. शेजारी वस्तीवर आलो होतो त्या दिवसाची तारीख होती, वेळ होती, सकाळी दहा ते दुपारी पाऊण, आणि पुढं तीन शब्द.

'हे मी पाहिलं.'